नोकरी सोडून जर्मनीला, वाइनवर लिहायला: तुमच्या प्रश्नाचं उत्तर

तुम्ही विचारलंत की डब्ल्यूएसईटी या वाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची तिसरी पातळी झाली आहे, आता नोकरी सोडून जर्मनीत येऊन स्वतंत्रपणे वाइनवर लिहिलं तर पोट भरेल का. मी नऊ वर्षं माइन्झमध्ये राहून हेच करतेय. भरतं, पण नुसत्या लेखांवर नाही, आणि पहिली दोन वर्षं तर जेमतेमच.

आधी कागदांचं सांगते. इथल्या निवास कायद्याचं कलम 21 स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. लेखक, पत्रकार, अनुवादक हे ‘फ्रायबेरूफ्लर’, म्हणजे मुक्त व्यावसायिक, या गटात मोडतात, त्यामुळे धंद्याची वेगळी नोंदणी लागत नाही. फिनान्झआम्टचा, म्हणजे कर कार्यालयाचा, एक लांबलचक फॉर्म भरून कर क्रमांक घ्यायचा. अर्जासोबत कमाईचा अंदाज आणि आरोग्य विमा लागतो, वय 45 च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. पण अर्जात खरं वजन असतं ते ‘आम्हाला यांच्याकडून काम घ्यायचं आहे’ अशा ग्राहकांच्या पत्रांना. लोक याला सरकारी कटकट समजतात. मला ती या व्यवसायाची प्रवेश परीक्षाच वाटते. घरी बसून दोन संपादकांकडून असं पत्र मिळत नसेल, तर इथे आल्यावर ते मिळेल हा भ्रम आहे. माझ्याकडे तीन पत्रं होती. त्यातलं एक मासिक वर्षभरात बंद पडलं, दुसऱ्याने पहिल्या लेखाचे पैसे पाच महिन्यांनी दिले.

आल्यावर क्युन्स्टलरझोत्सियालकासे, म्हणजे कलाकार-लेखकांचा सामाजिक विमा निधी, याच्याकडे लगेच अर्ज करा. स्वतंत्र माणसाला एरवी आरोग्य विमा आणि पेन्शनचा पूर्ण हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. या निधीत दाखल झालात की नोकरदारासारखा अर्धाच भरायचा. लिखाणातून वर्षाला 3,900 युरोच्या वर कमाई हवी, मात्र नवख्यांना पहिली तीन वर्षं ही अट नसते. करार, बिलं, छापलेले लेख असं सगळं मागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा. करांसाठी सल्लागार गाठाच. मूल्यवर्धित कर लेखाच्या हक्कांवर 7 टक्के आणि इतर कामांवर 19 टक्के, यात मी एकदा चांगलीच अडकले होते.

आता कामाबद्दल. मार्चमध्ये ड्युसेलडॉर्फला प्रोवाइन हे वाइनचं मोठं व्यापारी प्रदर्शन, एप्रिलच्या शेवटी माइन्झला बड्या उत्पादकांचा बाजार, ऑगस्टच्या शेवटी वीसबाडेनला ग्रोसेस गेवेक्सची, म्हणजे सर्वोत्तम मळ्यांतल्या कोरड्या वाइनची, पूर्वचाचणी. वीसबाडेनला टेबलाशी बसायचं, समोर सहा ग्लास, शेजारी पिकदाणी, आणि हॉलमध्ये वाचनालयासारखी शांतता. चाळिसाव्या रीसलिंगनंतर (ही आंबटसर पांढरी वाइन) हिरड्या बधिर होतात. त्या दिवशी चाचणी संपल्यावर लगेच दात घासू नका, आम्लाने दातांचं आवरण मऊ झालेलं असतं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. दंतवैद्याने सांगितलं, बिलासकट.

पहिल्या वर्षीची एक फजिती सांगते. मोझेल नदीकाठच्या एका उत्पादकाची बाटली मला नि:शब्द वाटली आणि मी तिला ‘संयमी’ असं छान विशेषण दिलं. लेख वाचून तो माणूस म्हणाला, ‘माझ्याकडे याच.’ त्याने त्याच वाइनची दुसरी बाटली शेजारी उघडली. तिला पीचचा दरवळ होता. मी प्यायले ती बुचाने बिघडलेली होती, आणि तो ओल्या पुठ्ठ्यासारखा वास इतका हलका होता की मला कळलाच नाही. तेव्हापासून शंका आली की मी दुसरी बाटली मागते, लाज न बाळगता.

तुमचे पाठवलेले दोन नमुने वाचले. जीभ चांगली आहे. पण लिंबू, हिरवं सफरचंद, ओला दगड हे लिहिणारे ढिगाने आहेत. संपादक विकत घेतो ती बातमी. मोझेलकाठी ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट या द्राक्षमळ्याचा उतार 60 अंशांच्या वर आहे, तिथे ट्रॅक्टर चालत नाही, एकाच रुळावरच्या छोट्या गाडीतून माणसं वर जातात. असे मळे सोडून देणारी म्हातारी माणसं आणि ते घेणारी तरुण पोरं, हा लेख मी तीन देशांत विकला. तो मिळाला कारण मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून जर्मनमध्ये गप्पा मारू शकले. इंग्रजीत लिहा, जरूर, पण बी-2 पातळीची, म्हणजे सहज गप्पा मारता येतील इतकी, जर्मन नसताना येऊ नका.

पैशांचा हिशोब असा: माझ्या कमाईचा तिसरा हिस्सा लेखांतून, बाकी उत्पादकांच्या माहितीपत्रकांच्या अनुवादातून, बाटलीच्या मागच्या लेबलांवरच्या मजकुरातून आणि टेस्टिंग घेण्यातून. यात एक पथ्य मी पाळते: ज्याचं लेबल लिहिलं, त्याच्या वाइनला गुण देत नाही. त्यापायी काही कामं हातची जातात. नमुन्याच्या बाटल्या मात्र येतच राहतात, माझ्या घराच्या बोळात आडवं चालावं लागतं.

मास्टर ऑफ वाइन या वाइनच्या जगातल्या सर्वात मानाच्या किताबाच्या परीक्षेबद्दलही विचारलंत. ती परीक्षा 1953 पासून आहे, आणि वाइनच्या व्यापाराबाहेरचं पहिलं माणूस, जॅन्सिस रॉबिन्सन, तीत पास झाल्या 1984 मध्ये. आत्ता त्याचा विचारही करू नका. डब्ल्यूएसईटीचा पुढचा डिप्लोमा करायचा असेल तर कमाई सुरू झाल्यावर करा, दोनेक वर्षं आणि बरेच पैसे जातात.

नोकरी लगेच सोडू नका. मार्चमध्ये आठवडाभराची रजा काढून प्रोवाइनला या. तिथे व्यावसायिकांनाच प्रवेश असतो, तेव्हा छापलेले लेख दाखवून पत्रकार म्हणून नाव नोंदवा. यायच्या महिनाभर आधी पाच संपादकांना एकेक परिच्छेदाची कल्पना पाठवा आणि भेटायची वेळ मागा. आणि सपाट तळव्याचे बूट घाला, हॉल फार लांब आहेत.