बोनस आला म्हणून टॉवर स्पीकर घ्यावेत का?

प्रश्न : वय 41, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, मिळवता मी एकटाच. पगार हातात 1,35,000. घरखर्च 57,000, गृहकर्जाचा हप्ता 27,600 (बाकी 26 लाख, मुदत 13 वर्षे, दर साडेआठ टक्के), एसआयपी 25,000. अडीअडचणीसाठी बँकेत 2,10,000 आहेत. मुलगी नववीत. कर कापून बोनसचे 2,75,000 हातात आले आहेत. माझे बुकशेल्फ स्पीकर आठ वर्षांपूर्वीचे आहेत. ते टीव्ही युनिटच्या कप्प्यात आहेत आणि समोर भिंतीला लागून सोफा. खोली 12 बाय 10 फूट, छत साडेनऊ फुटांवर. आठवड्याला सहाएक तास शास्त्रीय संगीत ऐकतो. डग्गा नुसता घुमतो, गायकाचा आवाज मागे पडतो. दुकानदाराने 3,40,000चे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, सुचवले आहेत. जुन्या जोडीचे तो 40,000 देतो, दीड लाख आता भरायचे, उरलेले दीड लाख 12 'नो कॉस्ट' हप्त्यांत. सगळे रोख दिले तर 20,000 कमी करतो. घ्यावेत का?

उत्तर : या पद्धतीने आणि या महिन्यात घेऊ नका. स्पीकर म्हणजे चैन, असे मात्र माझे म्हणणे नाही. सात वर्षे वापरून ते निम्म्या किमतीला विकले गेले असे धरा. रोखीच्या 3,20,000मधले 1,60,000 गेले. आठवड्याला सहा तास म्हणजे सात वर्षांत जवळजवळ 2,200 तास. तासाला 73 रुपये पडतात. मल्टिप्लेक्सच्या तिकिटापुढे हे काही महाग नाही. हरकत दोन ठिकाणी आहे: पैसे ज्या पद्धतीने द्यायचे ठरते आहे तिथे, आणि रोगाच्या निदानात.

आधी 'नो कॉस्ट'कडे बघू. एक्स्चेंज धरून रोखीचा भाव 2,80,000 होतो. तुम्ही दीड लाख आता दिलेत की राहतात 1,30,000. तेवढ्यासाठी तुम्ही 12,500चे बारा हप्ते, म्हणजे 1,50,000 भरणार. रोखीची सूट सोडून दिली, तेच व्याज. हिशेब मांडला तर दर महिन्याला सव्वादोन टक्क्यांहून थोडा जास्त, वर्षाला 27 टक्क्यांच्या आसपास येतो. तुमच्या गृहकर्जाच्या तिपटीहून जास्त. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर बँक दाखवते त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्क्यांच्या योजनांत व्याज असे लपवले जाते, म्हणून रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना हटकले होते. नाव बदलले, गणित तेच राहिले.

एक्स्चेंजच्या 40,000वरही भाळू नका. "जुने देणार नाही, रोख देतो, शेवटचा भाव सांगा" असे विचारा. भाव 3,20,000वरून आणखी खाली आला, तर जुन्या जोडीची खरी किंमत तेवढी कमी समजा.

आता तुमची शिल्लक. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 84,600 लागतात. 2,10,000 म्हणजे जेमतेम अडीच महिने. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात सहा महिन्यांचे, म्हणजे 5 लाख बाजूला हवेतच. हा खड्डा भरल्याशिवाय बोनसमधून मोठी खरेदी नको. एसआयपी मुलीच्या शिक्षणासाठी असेल तर तिला हात लावू नका; बारावीनंतरची फी तीन-चार वर्षांवर आली आहे.

बोनसमधून कर्ज फेडा, असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. हप्ता तेवढाच ठेवून आज सगळे 2,75,000 भरले तर मुदत साधारण 27 महिन्यांनी कमी होते आणि पावणेपाच लाखांच्या आसपास व्याज वाचते. आकडा खरा आहे, पण ती बचत दहा वर्षांनंतर, शेवटचे हप्ते टळतात तेव्हा हाती येते. तो दाखवून माणसाला कुठल्याही हौसेपासून परावृत्त करता येईल. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, म्हणून हे पुढे कधीही करता येईल. हाताशी पैसा असणे आज जास्त गरजेचे आहे.

आता निदान. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणे खोलीची आणि मांडणीची आहेत. 12 फूट लांबीत 47 हर्ट्झच्या (सेकंदाला 47 कंपने) आसपासचा खर्ज दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो, 10 फूट रुंदीत 56 आणि साडेनऊ फूट उंचीत 59. शेवटचे दोन जवळजवळ एकमेकांवर बसतात. हा फुगवटा भिंतीलगत सर्वांत जास्त, आणि तुमचा सोफा नेमका तिथे आहे. त्यात स्पीकर कप्प्यात कोंबलेले. मागे पोर्ट (खर्जाची हवा बाहेर टाकणारे भोक) असेल तर तो पाठच्या फळीवर फुंकतो, कप्प्याच्या बाजू आवाजाला नळीसारखा रंग देतात आणि गळा त्या घुमण्याखाली दबतो. छोटे स्पीकर इतक्या खाली पोचता पोचता दमतात, म्हणून आज निभावते आहे. टॉवर 40 हर्ट्झपर्यंत जोर लावेल. याच खोलीत, याच जागी डग्गा आणखी घुमेल.

तेव्हा आधी स्पीकर कप्प्यातून बाहेर काढा. 24 इंची लोखंडी स्टँड फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या आणि पोकळीत कोरडी वाळू भरा, म्हणजे स्टँड वाजत नाही. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला यायला हवा. स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान दोन फूट पुढे घ्या; दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करा. सोफा दीड-दोन फूट तरी पुढे ओढा. आदर्श जागा मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येते, पण दिवाणखान्यात ते प्रत्येक घराला पटत नाही. तरीही घुमले तर पोर्टमध्ये मोज्याची गुंडाळी सैलसर बसवा. फुकटचा उपाय आहे आणि बरेचदा पुरतो.

मग पॅनेल. घनमीटरला 48 किलो घनतेच्या, 50 मिमी जाडीच्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) स्लॅबचे दोन थर लाकडी चौकटीत बसवून वर सुती कापड ताणायचे. हातमोजे आणि मास्क घालूनच कापाकापी करा. दोन पॅनेल बाजूच्या भिंतींवर, भिंतीवर आरसा सरकवत नेला की सोफ्यावरून त्यात स्पीकर दिसेल त्या जागी. दोन सोफ्याच्या मागे. अंड्यांच्या ट्रेसारखा पातळ फोम घेऊ नका. तो फक्त वरचे स्वर खातो, खर्ज तसाच राहतो आणि खोली मंद वाटते. रॉकवूलही 50 हर्ट्झला फारसे पुरत नाही, पण गळा स्वच्छ होतो. खर्जासाठी यूएसबी माईक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मोजा आणि फुगवटे इक्वलायझरने (ठरावीक स्वरपट्टी कमी-जास्त करायची सोय) खाली आणा. खड्डे, म्हणजे आवाज दबतो त्या पट्ट्या, मात्र इक्वलायझरने भरायला जाऊ नका. अँपची (अँप्लिफायरची) ताकद फुकट जाते. या सगळ्याला 35,000 बाजूला ठेवा.

पैशांची वाटणी अशी करा. बोनसमधले 1,80,000 आपत्कालीन निधीत, थोडे मुदत ठेवीत, थोडे लिक्विड फंडात (पैसे लगेच काढता येणारा म्युच्युअल फंड). 35,000 खोलीला. उरलेल्या 60,000नी स्पीकरचा वेगळा निधी सुरू होईल. हप्त्यासाठी महिना 12,500 काढायची तयारी होतीच; तेच नऊ महिने आपत्कालीन निधीत टाकलेत की तो 5 लाखांवर जातो. दहाव्या महिन्यापासून स्पीकरच्या निधीत. पुढचा बोनस आला तर काम लवकर होईल, नाही आला तरी डोक्यावर हप्ता नसेल.

खोली सुधारल्यावर तीन महिने ऐका. तरीही हौस टिकली तर दुकानदाराकडून परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जोडी दोन दिवस घरी आणा आणि तुमच्याच अँपवर लावा. जुन्या-नव्यांची तुलना करताना दोन्हींची पातळी फोनवरच्या मीटरने सारखी करा. जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगलाच वाटतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो, ते बघा. जुने 88 डेसिबलचे आणि नवे 85चे असतील तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. त्यात नवे 4 ओहमचे (ओहम हे विद्युत रोधाचे माप) असले आणि तुमच्या अँपच्या पाठीवर किमान 6 ओहम लिहिले असले, तर जरा मोठ्याने लावले की अँप तापून बंद पडेल. मग नवा अँप आला, आणि सव्वातीन लाखांचा सौदा साडेचारवर गेला.

वापरलेली जोडी मिळाली तर निम्मे पैसे वाचतात. वूफरभोवतीची (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या शंकूभोवतीची) कड फोमची असेल तर बोटाने हलके दाबा. चुरा सुटला तर कड नव्याने बसवावी लागणार. शंकू चारी बाजूंनी सारखा दाबून खरखर ऐका. मल्टिमीटरने दोन्ही पेट्यांचा रोध मोजा: 8 ओहमच्या स्पीकरला साडेपाच ते साडेसहा यायला हवा, आणि दोन्हींत फार फरक दिसला तर ती जोडी सोडून द्या.