जोतिबाचा व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर अडकतो

प्रश्न : ताई, चैत्र यात्रेला जोतिबावर मोबाइलनं फोर-केमध्ये चित्रण केलं. सासनकाठ्या, हलगी, गुलाल, सगळं मिळून दीड तास. घरी चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा कॉम्प्युटर आहे. व्हिडिओ नुसता बघताना कसाबसा चालतो, पण शॉटकट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कापायला घेतला की अडकतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून रॅम 8 चा 16 जीबी केला, फरक नाही. शिवाय तयार व्हिडिओत गुलालाच्या जागी चौकोन दिसतात. नवा कॉम्प्युटर घ्यावा का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : इतक्यात घेऊ नका. तुमचा कॉम्प्युटर दमतो तो फाइल उलगडताना, आणि त्या कामात जादा रॅमचा फारसा उपयोग होत नाही.

मोबाइल प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एक चित्र पूर्ण, मग पुढच्या कितीतरी चित्रांत फक्त काय हललं तेवढंच. सलग बघताना हे निभावतं. तुम्ही मधेच एका जागी बोट ठेवलं, की कॉम्प्युटरला आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत मागं जाऊन तिथून सगळा हिशेब करत यावं लागतं. एडिटिंग म्हणजे दिवसभर हेच. त्यात तुमचं चित्रण बहुधा एचईव्हीसी, म्हणजे एच.265 या साठवायच्या पद्धतीत असणार. ही पद्धत 2013 ची, तुमचा प्रोसेसरही त्याच सुमाराचा. ती उलगडायची स्वतंत्र सोय त्यात नाही.

माझे वडील इथल्याच स्टुडिओत एडिटरच्या हाताखाली होते. निगेटिव्हला, म्हणजे मूळ फिल्मला, हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा. तिच्यावरून काढलेली पॉझिटिव्ह कापायची, चिकटवायची, तिच्यावर ओरखडे पडले तरी चालायचं. सगळं पक्कं झालं की फिल्मच्या कडेचे नंबर बघून निगेटिव्ह तशीच कापायची. आज त्या पॉझिटिव्हचं काम प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलीची हलकी नक्कल, करते. शॉटकटच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ आहे, तिथं ‘यूज प्रॉक्सी’ चालू करा आणि प्रीव्ह्यू 540 वर ठेवा. 3840 बाय 2160 च्या जागी 960 बाय 540 चं चित्र, म्हणजे सोळावा हिस्सा. प्रॉक्सी फाइली तयार व्हायला रात्री लावून झोपा, दीड तासाच्या चित्रणाला वेळ लागणारच. शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरूनच होतं, म्हणून त्या हलवू नका, त्यांची नावं बदलू नका. एवढं करून काही पैसे खर्चायचेच असतील तर एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्या.

त्यानंतरही हलगीवर काठी पडते एकदा आणि आवाज येतो दुसऱ्यांदा, असं झालं तर दोष वेगळा. उजेड कमी झाला की बरेच मोबाइल सेकंदाला 30 ऐवजी कमी चित्रं घेतात. अशी फाइल आली की शॉटकट ती ‘एडिट-फ्रेंडली’ करू का असं विचारतं. हो म्हणा.

आता गुलाल. मला हा प्रश्न फार जवळचा आहे, कारण यात्रेचा व्हिडिओ गुलालावाचून बघवत नाही. कंप्रेशन, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणं, जगतं ते सारखेपणावर. मंदिराचा दगड या चित्रात जिथं, तिथंच पुढच्यात. उधळलेल्या गुलालाचा कण मात्र कुठून कुठं गेला याचा अंदाजच बांधता येत नाही, हजारो कण, दर क्षणी नवे. त्या दोन-चार सेकंदांना दगडापेक्षा कितीतरी जास्त डेटा लागतो. तुम्ही एक्स्पोर्टला ठरावीक बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला ठरलेला डेटा, दिला असेल तर तो तिथं अपुरा पडतो आणि कणांचे चौकोन होतात. शॉटकटमध्ये रेट कंट्रोल ‘क्वालिटी-बेस्ड’ करा आणि क्वालिटी 60 च्या थोडी वर ठेवा. मग गुलाल उडाला की डेटा वाढेल, सासनकाठी शांत उभी असली की कमी होईल. फाइल मोठी होईल, होऊ द्या.

आणि भावकीला पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, ते पुन्हा दाबून लहान करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.