'बेचिराख'मध्ये राख आहे का?

एक वाचक रहस्यकादंबरी लिहीत आहेत. कथेत विदर्भातलं ओस पडत चाललेलं गाव आहे, एकटी उरलेली म्हातारी आहे आणि बऱ्याच वर्षांपूर्वी नाहीसा झालेला तिचा मुलगा आहे. फौजदाराला जुन्या महसुली कागदात शेजारच्या मौजापुढे 'बेचिराख' असा शेरा सापडतो आणि तो जळिताचा माग काढू लागतो. या शब्दाचा आगीशी काही संबंध नाही, अशी हरकत त्यांच्या मित्राने घेतली. खरं काय, हा पहिला प्रश्न. 'दुःख' आणि 'शोक' लिहून लिहून हात थकला, दुसरं काय वापरू, हा दुसरा.

मित्राचं बरोबर आहे. शब्द फारसी, बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. फारसी 'दिमाग'चा आपण 'दिमाख' केला, तसाच 'चिराग'चा 'चिराख' झाला. दिवा लागत नाही म्हणजे माणूस राहत नाही, एवढाच हिशेब. बेचिराख गावात घरं धडधाकट उभी असू शकतात. पिकं निघत असतात, शेजारच्या गावचे लोक येऊन जमीन कसतात, सारा भरतात, फक्त रात्री मुक्कामाला कोणी नसतं. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही शब्द 'ओसाड' याच अर्थाने आहे.

पण आपल्या कानाने त्यात राख ऐकली आणि ती आता बाहेर निघायची नाही. 'बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख' हे वर्तमानपत्रांत इतकं रुळलं आहे की त्याला अशुद्ध म्हणत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. 'वैराण'चंही असंच. मुळात तो फारसी 'वीरान', पण वाचताना वैर आठवतंच.

म्हणजे तुमचा फौजदार आजचं मराठी बोलतो आणि कागद जुनं बोलतो. मी तर म्हणेन हा तुमच्या कादंबरीतला सगळ्यात चांगला धागा आहे, मित्राचं ऐकून काढू नका. पुरावा पहिल्यापासून वाचकासमोर उघडा आहे आणि तरी वाचक फसतो. एखादा निवृत्त तलाठी शेवटाकडे सहज बोलून जाईल, की 'अहो, आग कसली, तिथं वस्तीच नव्हती.'

अडचण वेगळीच आहे. विदर्भात अशा गावाला 'रिठी' म्हणतात. नागपूर-वर्धेकडच्या गावांच्या सरकारी याद्या पाहा, मौजाच्या नावापुढे कंसात '(रिठी)' लिहिलेलं दिसेल. तिथला पटवारी 'रिठी' लिहून मोकळा होईल, आणि रिठीत कुणाला आग दिसणार नाही. तेव्हा गाव मराठवाड्यात हलवा. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत होतं, तिथे 'बेचिराग' घरचा शब्द. शिवाय १९४८ची रझाकारांची जाळपोळ लोकांच्या आठवणीत असल्यामुळे फौजदाराचा संशय उगाच वाटणार नाही.

एवढ्यात थोडं 'उजाड'बद्दल. तुमच्या मसुद्यात 'गाव उजाडलं' असं वाक्य आहे. हिंदीत गाव उजडतं, मराठीत उजाडते ती सकाळ. गाव उजाड होतं किंवा ओस पडतं. दोघांतही फरक आहे. 'उजाड'मध्ये कुणीतरी नासधूस केल्याची छटा येते, तर 'ओस' संस्कृत 'उद्वस'वरून आलेला, वस्ती उठलेला. पोरं पुण्याला कामाला लागली आणि घरांना कुलपं पडली, एवढ्याने गाव ओस पडतं. तुमच्या गावाला तोच शब्द शोभेल.

आता दुसरा प्रश्न. म्हातारीच्या तोंडी 'शोक' नको, तो सभेत पाळतात. 'दुखवटा' चारचौघांत असतो आणि त्याचे दिवस ठरलेले असतात. 'सुतक' तर भावनाच नव्हे, ते न रडणाऱ्यालाही लागतं. 'न भरून येणारी पोकळी' श्रद्धांजलीच्या जाहिरातीला सोडून द्या. खेड्यातली बाई दुःखाचं नाव घेतच नाही, ती क्रियापदात बोलते. घर खायला उठतं. आतडं तुटतं. घास उतरत नाही.

आणि 'तिने मुलगा गमावला' हे तर पहिलं खोडा. ते व्याकरणात बसतं, पण गमवायची ती संधी, नोकरी, पैसा. माणूस आपल्याकडे अंतरतो किंवा पारखा होतो. 'पोरगं अंतरलं मला', 'पोराला पारखी झाले मी'. यात मरण आहेच असं नाही. भांडून गेलेला, परमुलखात राहिलेला, घर विसरलेला मुलगाही आईला अंतरतोच. मुलगा जिवंत आहे की नाही हेच तुमचं रहस्य असेल, तर म्हातारीने पहिल्या प्रकरणापासून एवढंच म्हणावं. ती खोटं बोलत नाही आणि काही सांगतही नाही.

'गेला' हे क्रियापद त्याहून पक्कं दुटप्पी आहे. माणूस जातो तेव्हा मुंबईलाही जातो आणि कायमचाही जातो. कोयना-उजनीकडची विस्थापित माणसं 'आमचं गाव धरणात गेलं' असं म्हणतात, तिथेही तेच. फक्त एक सांभाळा. फौजदाराने 'कुठे गेला?' असं विचारलं की आई गप्प राहील की उत्तर देईल, हे आधी पक्कं ठरवा. त्या प्रश्नानंतर दोन्ही अर्थ एकदम चालवता येत नाहीत, म्हणून तो जितका उशिरा विचारला जाईल तितकं बरं.