स्नायू, पेशी की मांसपेशी?

प्रश्न असा आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले काही जण मिळून मराठी विकिपीडियावरचे शरीररचनेचे लेख सुधारत आहेत. दंडाच्या लेखात इंग्रजी ‘मसल’ला काय म्हणावं यावर त्यांचं घोडं अडलं. मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी ‘स्नायू’ लिहिलं, आयुर्वेद शिकणाऱ्या मुलानं ते खोडून ‘पेशी’ केलं आणि तिसऱ्यानं दोघांचं मन राखायला ‘मांसपेशी’ करून ठेवलं. विचारतात, बरोबर काय? आणि एकदा ठरलं की बाकीचे लेख शोधा-बदला करून एका दमात सारखे करून टाकावेत का?

पहिल्याचं उत्तर ‘स्नायू’. दुसऱ्याचं उत्तर, मुळीच करू नका. पण आयुर्वेदवाला मुलगा चुकला असं कोणी म्हणू नये. तो ज्या ग्रंथाच्या आधारानं बोलतो, तिथं त्याचंच खरं आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात शरीरातल्या गोष्टींची मोजदाद आहे. पेशी ५००, त्यातल्या ४०० हातापायांत, ६६ धडात आणि ३४ मानेपासून वर. स्नायू ९००, ते अनुक्रमे ६००, २३० आणि ७०. म्हणजे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत आणि दोन वेगळ्या वस्तूंना लावलेले आहेत. पेशी म्हणजे मांसाचा गट्टा, आपण आज ज्याला स्नायू म्हणतो तो. स्नायू म्हणजे बांधणारा दोर. तिथं दाखलाही नावेचा दिला आहे: फळ्या पुष्कळ बंधनांनी आवळल्या की नाव पाण्यात माणसांचा भार सोसते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सोसतो. हे वर्णन वाचून कोणाला दंडातला फुगणारा गोळा आठवणार नाही. स्नायूंचे चार प्रकार सांगितलेत, त्यातल्या वाटोळ्या प्रकाराला ‘कंडरा’ म्हटलं आहे, आणि हा शब्द मराठीनं जवळपास त्याच अर्थानं, स्नायूचं टोक हाडाला बांधणारी दोरी म्हणून, सांभाळला आहे.

मग मराठीत काय झालं? बांधणाऱ्या दोराचं नाव ओढणाऱ्या मांसाकडे गेलं, आणि मोकळी झालेली ‘पेशी’ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सजीवाच्या घटकाला मिळाली. मराठी विश्वकोशाच्या जुन्या नोंदींत या घटकाला ‘कोशिका’ म्हणून कंसात ‘पेशी’ दिलेली आढळते. पण शाळेच्या पुस्तकांतून आणि रक्ताच्या रिपोर्टाच्या बोलण्यातून घरोघरी पोचली ती पेशीच. ‘पांढऱ्या पेशी वाढल्यात’ हे वाक्य शिकलेला-न शिकलेला कोणीही बोलतो. त्या वाचकापुढं दंडाच्या लेखात ‘पेशी आकुंचन पावते’ आलं, की त्याच्या डोळ्यांपुढं रक्तातला ठिपका आकसतो. ‘मांसपेशी’ तर त्याहून घोटाळ्याची, कारण ती मराठी कानाला ‘मांसाची एक पेशी’ अशी ऐकू येते. ज्याला खरोखर एकच सूक्ष्म घटक म्हणायचा आहे, त्यानं मग काय लिहावं? मराठीत ‘स्नायुपेशी’ हा शब्द स्वच्छ काम करतो. आयुर्वेदाच्या अर्थानं वाचला तर त्याचे तुकडे पडतात, ही गोष्ट निराळी.

सीमाभागात हा गोंधळ जास्त होतो, कारण इथला प्रत्येक जण दोन-तीन भाषांतून शिकून आलेला असतो. कन्नडमध्ये स्नायु म्हणजे मराठीसारखाच स्नायू, त्यामुळे कन्नड माध्यमातून आलेला माणूस बाईंच्या बाजूनं उभा राहतो. पण त्याच्याकडे पेशीला ‘जीवकोश’ आणि ऊतीला ‘अंगांश’ असतात, ते तो सवयीनं मराठीत उतरवतो आणि कोल्हापूरच्या वाचकाला काही कळत नाही. गुजरातीतही स्नायू म्हणजे स्नायूच. हिंदीत मात्र पेशी किंवा मांसपेशी हा स्नायू, कोशिका ही पेशी, आणि स्नायु म्हणजे बऱ्याचदा चेतातंतू, मेंदूचे संदेश नेणारा धागा! बंगालीतही स्नायु म्हणजे चेतातंतूच. हिंदी लेखावरून मराठी लेख उतरवला आणि ‘स्नायु तंत्र’चं ‘स्नायुसंस्था’ केलं, तर मेंदूचा आख्खा लेख दंड-बैठकांचा होऊन बसतो.

हा एक शब्द तीन ठिकाणी का हिंडला, याचं उत्तर त्याच्या घराण्यात सापडतं. संस्कृतातले स्नायु-स्नावन्, ग्रीक न्यूरॉन आणि लॅटिन नर्व्हस हे एकाच कुळातले शब्द आहेत. ग्रीकांनीही न्यूरॉन आधी धनुष्याची दोरी, शरीरातली ताणाची दोरी अशा अर्थानं वापरला आणि मग चेतातंतूसाठी. कातडी सोलल्यावर दिसणारी पांढरी दोरी कंडरा आहे, हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध आहे की चेतातंतू, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं सोपं नसतं. आपल्या बोलण्यातली ‘शीर’ अजूनही हेच करते. हाताची शीर फुगली, टाचेची शीर दुखते, मानेची शीर आखडली: पहिली रक्तवाहिनी, दुसरी कंडरा, तिसरा बहुधा स्नायू. म्हणून लेखात ‘शीर’ हा शब्द अवतरणात, लोक असं म्हणतात एवढं सांगायला ठेवा. लेख त्यावर उभारू नका.

बोलीला हसण्याचं मात्र कारण नाही, कारण जिथं बोलीनं नीट पाहिलं तिथं ती पुस्तकापेक्षा नेमकी आहे. ‘पाय मुरगळला’ म्हणजे सांधा वाकडा होऊन अस्थिबंध ताणला किंवा फाटला. घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध दुखावलेले असतात. ‘लचक भरली’, ‘उसण भरली’ हे स्नायूचं दुखणं, आणि ‘पोटरीत गोळा आला’ म्हणजे स्नायू आवळून सैल न होणं. इंग्रजीत स्प्रेन आणि स्ट्रेन हे दोन शब्द भल्याभल्यांचे अदलाबदल होतात. तालमीतला पोरगा मुरगळ आणि लचक यांत गल्लत करत नाही. त्या दोन लेखांची नावं याच शब्दांवरून घ्यावीत असं माझं मत आहे. दंडाच्या फुगणाऱ्या गोळ्याला आपण ‘बेटकुळी’ म्हणतो, म्हणजे लहानशी बेडकी. मसल हा शब्द ज्या लॅटिन मस्क्युलसवरून आला, त्याचा अर्थ लहानसा उंदीर. कातडीखाली हलणारं काहीतरी दोघांनाही दिसलं, प्राणी फक्त वेगळा निवडला. ही माहिती लेखात एका वाक्यात जरूर यावी. ‘ढोपर’ मात्र जपून वापरा, कोणी गुडघ्याला म्हणतं, कोणी कोपराला.

आता कामाचं. एखाद्या वाक्यात कुठला शब्द हवा ते मूळ शब्दाच्या तोंडवळ्यावरून ठरवू नका, अवयव काय करतो त्यावरून ठरवा. आखडून ओढतो तो स्नायू. स्नायूचं टोक हाडाला बांधते ती कंडरा (शाळेच्या पुस्तकात स्नायुरज्जू). हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. संदेश नेतो तो चेतातंतू. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही ती पेशी. तरी शंका राहिली तर त्या रचनेचं लॅटिन नाव बघा. १९९८ साली प्रसिद्ध झालेली ‘टर्मिनोलॉजिया ॲनाटोमिका’ ही आंतरराष्ट्रीय नामावली यासाठीच आहे. नाव मस्क्युलसनं सुरू झालं की स्नायू, लिगामेंटमनं झालं की अस्थिबंध, टेंडोनं झालं की कंडरा, नर्व्हसनं झालं की चेतातंतू. माहितीचौकटीत लॅटिन नावाचा रकाना असतो, तो भरण्याचा खरा उपयोग हा आहे: उद्या मराठी शब्दावरून पुन्हा वाद झाला तरी लेख कुठल्या वस्तूबद्दल आहे यावर होणार नाही.

तुमच्या दंडाच्या लेखात याहून मोठी एक चूक आहे, तिच्याकडे वादात कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. द्विशिर स्नायू (बायसेप्स, म्हणजे बेटकुळीचाच स्नायू) ‘दंडाच्या हाडाला जोडलेला असतो’ असं लिहिलं आहे. तो त्या हाडाच्या पुढ्यातून जातो, पण त्याला कुठंच चिकटत नाही. त्याची वरची दोन्ही टोकं खांद्याच्या फऱ्याच्या हाडाला असतात आणि खालची कंडरा कोपर ओलांडून अंगठ्याकडच्या हाडाला लागते. म्हणून तो कोपर तर वाकवतोच, शिवाय तळहात वर वळवतो. पेचकस फिरवताना बेटकुळी टणक होते ती यामुळे. अशी चूक बहुधा भाषांतरातून येते. शरीररचनाशास्त्रात इंग्रजी आर्म म्हणजे खांदा ते कोपर एवढंच, आणि लेग म्हणजे गुडघा ते घोटा एवढंच. यंत्र त्यांचे ‘हात’ आणि ‘पाय’ करून मोकळं होतं. आपल्याकडे दंड, मांडी, नडगी, पोटरी असे अचूक शब्द तयार असताना ते का सोडायचे?

शोधा-बदला का नको, तेही सांगतो. ‘पेशी’च्या जागी सगळीकडे ‘स्नायू’ घातलात की ‘तांबड्या रक्तपेशी’चे ‘तांबड्या रक्तस्नायू’ होतात. शिवाय पेशी स्त्रीलिंगी, स्नायू पुल्लिंगी: ‘मोठी पेशी आखडते’ हे ‘मोठी स्नायू आखडते’ होऊन बसतं, आणि विशेषणं-क्रियापदं हातानं दुरुस्त करताना एखादं राहतंच. उलट दिशेनं गेलात तर अर्धेच बदलतात, कारण सुटा शब्द ‘स्नायू’ दीर्घ असला तरी समासात आधी आला की मूळ संस्कृत ऱ्हस्व उकार परततो: स्नायुसंस्था, स्नायुरज्जू, स्नायुपेशी. ‘पेशी’ मुळातच दीर्घ, म्हणून पेशीविज्ञान दीर्घच. तेव्हा एकेक लेख उघडा, वाक्य वाचा, बदला, आणि बदलाच्या सारांशात कारण लिहा. सुश्रुताचं मत सांगणारा परिच्छेद आला की हात आखडता घ्या. तिथं ‘पेशी’ आणि ‘स्नायू’ मूळ अर्थानंच ठेवून, ‘येथे पेशी म्हणजे आजच्या भाषेत स्नायू’ एवढी टीप पुरे. तो परिच्छेद आयुर्वेदाच्या उपशीर्षकाखाली असला पाहिजे, आधुनिक वर्णनात मिसळलेला नको. ५०० पेशी आणि आज मोजले जाणारे सहाशेच्या वरचे स्नायू एकाच वाक्यात आले की वाचक वजाबाकी करत बसतो.

‘मांसपेशी’ आणि ऱ्हस्व ‘स्नायु’ या दोन्ही नावांवरून ‘स्नायू’ लेखाकडे पुनर्निर्देशन ठेवा. शोधणारा माणूस शुद्धलेखनाचे नियम वाचून येत नाही. ‘पेशी’ हा लेख सजीवाच्या घटकाचाच राहू द्या, वर एका ओळीत आयुर्वेदातल्या संज्ञेकडे बोट दाखवा. विकिडेटावर, म्हणजे निरनिराळ्या भाषांतले लेख एकमेकांना जोडतात तिथं, लेख जोडताना तर डोळ्यांत तेल घालून बघा, कारण नाव सारखं दिसलं म्हणून मराठी ‘पेशी’ हिंदी ‘पेशी’ला जोडली की इंग्रजीतून येणारा माणूस सेल वाचता वाचता मसलमध्ये जाऊन पडतो. कन्नडकडे असाच सापळा ‘गुल्म’चा आहे. कन्नडमध्ये तो प्लीहा, आपल्याकडे पोटातल्या गोळ्याच्या रोगाचं जुनं नाव. आणि ‘रोहिणी म्हणजे शुद्ध रक्त नेणारी’ ही व्याख्या दिसेल तिथं काढा. हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणारी रोहिणी अशुद्धच रक्त नेते; हृदयाकडून निघते ती रोहिणी, हृदयाकडे येते ती नीला, एवढं पुरतं.

चित्रांसाठी हेन्री ग्रेच्या प्रसिद्ध इंग्रजी शरीररचना-ग्रंथाच्या १९१८ सालच्या आवृत्तीतली चित्रं विकिमीडिया कॉमन्स या चित्रसंग्रहावर स्वामित्वहक्कमुक्त आहेत. १८५८ च्या पहिल्या आवृत्तीची चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर पुढं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते आणि मग साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, म्हणजे तुमच्यापासून फार लांबचे नव्हेत. त्या चित्रांवरची इंग्रजी नावं मात्र चित्रातच कोरलेली असतात. ती खोडून मराठी लिहिण्यापेक्षा ज्या आकृत्या एसव्हीजी स्वरूपात आहेत त्या घ्या, त्यांतली नावं वेगळा मजकूर म्हणून बदलता येतात. नावं टाकण्याआधी शब्दांचा निकाल चर्चा पानावर लागलेला असू द्या, नाहीतर चित्रात पेशी आणि मजकुरात स्नायू राहतील.

दंडाच्या लेखाचं पहिलं वाक्य आम्ही असं सुचवू: ‘द्विशिर स्नायू (बोलीत बेटकुळी) हा दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू असून तो दोन कंडरांनी खांद्याच्या फऱ्याच्या हाडाला आणि एका कंडरेने कोपराखालच्या, अंगठ्याकडच्या हाडाला जोडलेला असतो.’