काखेत कळसा आणि मनात धास्ती

"मॅडम, हल्ली फार विसरायला होतं. घरचे हसतात, मीही हसते. पण रात्री पडल्यापडल्या वाटतं, ही कशाची सुरुवात तर नाही ना?"

पन्नाशीच्या आसपासची माणसं समुपदेशनाला आली की या ना त्या शब्दांत हा प्रश्न निघतोच. तोही बहुतेक वेळा शेवटी, उठताउठता. त्याचं उत्तर मी एका बाईंच्या अनुभवातून देते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई शिक्षिका, वय ५३. आल्या त्या चिडचिडीची तक्रार घेऊन. कशावरून चिडता, असं विचारलं तर म्हणाल्या, "घरात माझे किस्से चालतात त्यावरून." किस्से मात्र त्यांनी रंगवून सांगितले. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. फोनवर बोलताबोलता त्याच फोनचा शोध. लेकाला हाक मारायची तर आधी लेकीचं नाव, मग भाच्याचं, मग कुत्र्याचं, आणि तोवर लेक समोर येऊन उभा. खुर्चीत बसताना "आई गं", उठताना "आई गं", दुखत काहीच नसताना. औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचायला हात पुरेनासा झालेला. टीव्हीचा आवाज इतका मोठा, की लेक खोलीचं दार लावून घेते. आणि सगळ्यांचा लाडका किस्सा म्हणजे "आईचं घड्याळ": नवऱ्याने सातला निघायचं सांगावं आणि यांनी निवांत आठला तयार व्हावं.

सांगताना त्या स्वतः खळखळून हसत होत्या. मग चिडचिड कशाची? मी विचारलं, "हे किस्से पूर्वी तुम्हीच घरी सांगायचात ना? सांगणं थांबलं कधी?"

त्या गप्प झाल्या. मग वर्गातला प्रसंग बाहेर आला. दोन वर्षं हाताखाली शिकलेल्या मुलीला उभं केलं आणि तिचं नावच ओठावर येईना. "बाळ, तू सांग," म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून वर्गात सगळेच "बाळ". आणि त्यामागे होती मावशी. शेवटीशेवटी त्यांना पोटची मुलं ओळखू येत नव्हती. "मावशीचीही सुरुवात नावांपासूनच झाली, असं आमच्याकडे म्हणतात."

अशा वेळी "काही नाही हो, वय झालं की होतंच" असं म्हणून मी कुणाला घरी पाठवत नाही. त्याने धीर येत नाही, उलट पुन्हा विचारायची चोरी होते. मी त्यांना दोन कामं दिली. एक, नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायचं, कारण यांतल्या गडबडीनेही विसराळूपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. दुसरं, एक वही. काय विसरलं, नंतर आठवलं का, आणि त्या वेळी आणखी काय काय चाललं होतं, एवढंच त्यात लिहायचं.

रक्ताचे अहवाल ठीक आले. वही जास्त बोलकी निघाली. विसरलेलं जवळजवळ प्रत्येक नाव नंतर आपणहून परत आलं होतं, कधी अंघोळ करताना, कधी जिन्यात. जीभेवर येऊन अडणारं नाव हा वाढत्या वयाचा नेहमीचा अनुभव आहे. साठवण जागेवर असते, हाताशी यायला वेळ लागतो. खोलीत जाऊन "कशाला आले होते?" असं होण्यावर नोत्र दाम विद्यापीठाच्या गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी २०११ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. दार ओलांडलं की आधीच्या खोलीतली गोष्ट मनातून निसटते, असं त्यांना दिसलं, आणि हे प्रयोग झाले होते कॉलेजच्या मुलांवर. नावांच्या अदलाबदलीवरही ड्यूक विद्यापीठाचं २०१६ चं संशोधन आहे. आपण घरच्या माणसाला घरच्याच दुसऱ्या माणसाचं नाव लावतो, आणि त्या घरच्यांत कुत्राही धरलेला असतो. हे ऐकून बाई इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. कुत्र्याच्या नावाने हाक मारल्याबद्दल लेकाची माफी मागून त्या थकल्या होत्या.

वहीत काही नोंदी मात्र वेगळ्या होत्या. "यांनी सांगितलेली वेळ विसरले." "शेजारच्या बाईंनी दिलेला निरोप विसरले." मी नेमकं काय घडलं ते विचारत गेले. वेळ त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी "आठ" असंच ऐकलं होतं. जे कानावर पडलंच नाही, ते विसरणार कसं?

वयानुसार कान मंदावतात ते आधी उंच पट्टीच्या आवाजांना. स, श, फ यांसारखी व्यंजनं हलकी आणि उंच पट्टीतली, म्हणून ती आधी निसटतात. स्वर ठसठशीत ऐकू येतात. त्यामुळे "ऐकू येतं, पण लोक पुटपुटतात" असं वाटत राहतं, आणि "सात"चा "आठ" होतो. कानाच्या तपासणीत दोन्ही कानांची श्रवणशक्ती कमी झाल्याचं निघालं.

ज्या विसरण्याने त्यांची झोप उडवली होती, ते साधं निघालं, आणि ज्यावर सगळं घर हसत होतं, त्यालाच उपचार हवा होता. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येतं अशा कारणांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०१७ पासून ऐकू कमी येणं धरलं आहे. ज्याचे कान मंदावतात त्याला स्मृतिभ्रंश होतोच, असं अजिबात नाही. पण कानाकडे दुर्लक्ष नको.

तरीही बाई कानाच्या मशीनला तयार होईनात. "ते लावलं की म्हातारीच झाले." चष्मा मात्र चाळिशीतच लागला होता आणि तो लावताना त्यांना काही वाटलं नव्हतं. डोळ्यांना काच चालते आणि कानाला मशीन चालत नाही, हा भेद मला मनापासून अन्यायाचा वाटतो. माणसं वर्षानुवर्षं अर्धवट ऐकत राहतात, मग बोलणं टाळतात, मग चारचौघांत जाणंच सोडतात.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला हीच धास्ती असेल तर सांगते. चावी कुठे ठेवली ते विसरणं वेगळं आणि चावीचं काय करायचं ते न सुचणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न थोड्याथोड्या वेळाने पुन्हा विचारणं आणि विचारल्याचं भान नसणं, नेहमीचे पैशांचे हिशेब जमेनासे होणं, स्वभावच बदलणं, यांतलं काही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. अनेकदा हे त्या माणसाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं, म्हणून घरच्यांनी हसण्याबरोबर थोडं नीट पाहावंही.

बाईंनी घरी एकदा बसून सगळं सांगितलं, मावशीची भीतीसुद्धा. लेकीने "आईचं घड्याळ" बंद केलं. बाईंनीच ते पुन्हा सुरू केलं, कारण किस्सा त्यांना आवडायचा; फक्त आता तो त्या स्वतः सांगतात. मशीन लागलं. पहिले काही दिवस भांड्यांचा, पंख्याचा, कागदाचा आवाजही नकोसा झाला, मग सवय झाली. वर्गात नाव अडलं तर "नाव सांग गं, माझ्या ओठावरच आहे," असं सरळ विचारतात.

मागच्या बाकांवरची कुजबुजही त्यांना आता ऐकू येते. मुलांना त्याचा अजून पत्ता नाही, हे त्यांनी मला मोठ्या खुशीत सांगितलं.