लाओस युद्धात नव्हता, मग तिथल्या शेतांत अमेरिकी बॉम्ब आले कुठून आणि ते अजून फुटतात कसे?

तुम्ही विचारले आहे की व्हिएतनाम युद्धाच्या काळात शेजारचा लाओस तटस्थ देश होता तरी त्याच्यावर बॉम्ब का पडले, आणि पन्नास वर्षांनंतरही ते काढून का टाकले जात नाहीत. बॉम्ब ज्या पद्धतीने टाकले गेले त्या पद्धतीतच दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

२३ जुलै १९६२ रोजी जिनिव्हात १४ देशांनी लाओसच्या तटस्थतेवर सह्या केल्या. त्यांत अमेरिका होती, उत्तर व्हिएतनाम होता आणि भारतही होता. करार पाळला जातो का यावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद तर भारताकडेच होते. करार दोन्ही बाजूंनी मोडला, हे आधी सांगितले पाहिजे. उत्तर व्हिएतनामने आपले सगळे सैन्य काढून घेतले नाही आणि दक्षिण व्हिएतनामकडे रसद नेणारी हो ची मिन्ह वाट लाओसच्या पूर्व भागातून चालूच ठेवली. अमेरिकेने सीआयएमार्फत लाओसच्या डोंगराळ भागातल्या ह्मोंग लोकांची फौज पोसली.

पण तटस्थ देशात उघडपणे सैन्य उतरवता येत नव्हते, म्हणून अमेरिकेने हे युद्ध दूतावासातून चालवले. १९६४ ते १९६९ या काळात राजधानी व्हिएन्टिनमधले अमेरिकी राजदूत विल्यम सुलिव्हन बॉम्बहल्ल्यांच्या लक्ष्यांना मंजुरी देत. डिसेंबर १९६४ मध्ये उत्तर लाओसवर ‘बॅरल रोल’ ही मोहीम सुरू झाली, १९६५ मध्ये दक्षिणेत ‘स्टील टायगर’. लाओसविरुद्ध युद्ध घोषित झाले नव्हते आणि अमेरिकी जनतेला याची गंधवार्ताही नव्हती.

१ नोव्हेंबर १९६८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवले. जगाला ते शांततेकडे पडलेले पाऊल वाटले. प्रत्यक्षात मोकळी झालेली विमाने लाओसकडे वळली. इतकी विमाने नुसती उभी ठेवता येत नव्हती, हे कारण व्हिएन्टिनच्या दूतावासातल्या अधिकाऱ्याने १९६९ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे बंद दाराआड दिलेल्या साक्षीत सांगितले. बॉम्बहल्ले थांबले त्याच नोव्हेंबर १९६८ च्या २४ तारखेला शियांग खुआंग प्रांतातल्या थाम पिउ गुहेवर हल्ला झाला. आत आसरा घेतलेले ३७४ जण मेले, अशी लाओसची नोंद आहे.

अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, काहीच केले नाही असे नाही. डिसेंबर १९६९ मध्ये लाओस आणि थायलंडमध्ये अमेरिकी पायदळ पाठवण्यासाठी पैसा वापरायला तिने मनाई केली. विमानांना मात्र हात लावला नाही. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. आपला सैनिक जमिनीवर मरत नसेल तर ते युद्धच नव्हे, असे एकदा धरले की बॉम्ब किती टाकायचे याला कोणतीच मर्यादा उरत नाही. २०११ मध्ये लिबियावर हल्ले करताना ओबामा सरकारनेही हाच युक्तिवाद केला. १९७३ च्या युद्धाधिकार कायद्याप्रमाणे ६० दिवसांनंतर काँग्रेसची परवानगी लागते, पण जमिनीवर आपले सैन्य नाही आणि कारवाई मर्यादित आहे, सबब कायद्याच्या अर्थाने ही लढाई नव्हे, असे सांगून ती घेतलीच नाही.

लाओसवर १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत सुमारे ५ लाख ८० हजार उड्डाणे झाली आणि २० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. हिशेब केला तर रात्रंदिवस दर आठ मिनिटांना एक उड्डाण.

यांतले २७ कोटी होते क्लस्टर बॉम्बमधले छोटे गोळे. लाओसमध्ये त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. सर्वांत जास्त सापडणारा बीएलयू-२६ टेनिसच्या चेंडूएवढा असतो, वजन अर्ध्या किलोच्या आत, आणि कवचात सुमारे ३०० पोलादी छर्रे. एका मोठ्या पेटाऱ्यात असे साडेसहाशेच्या आसपास गोळे भरलेले असत. पेटारा हवेत उघडला की गोळे विखुरतात. कवचावरच्या उंचवट्यांमुळे प्रत्येक गोळा गरगर फिरू लागतो, आणि फिरण्याचा वेग पुरेसा वाढला की आतला फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, सज्ज होतो. त्यानंतर जमिनीवर आपटला की स्फोट.

बिघाड या साखळीत कुठेही होतो. पेटारा फार खाली उघडला तर वेग भरत नाही. गोळा झाडांच्या फांद्यांत अडकतो, किंवा भातखाचराच्या चिखलात पडून पुरेसा दणका बसत नाही. न फुटलेल्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत धरतात, म्हणजे सुमारे ८ कोटी गोळे. कवच गंजते, पण आतले स्फोटक अनेक दशके तसेच राहते. फ्यूज सज्ज होऊन न फुटलेला गोळा सर्वांत वाईट. कुदळीच्या एका घावाने, किंवा नुसता उचलून फेकल्यानेही तो फुटू शकतो. वरून चूल पेटवली तर उष्णता मातीतून झिरपते आणि खाली पुरलेला गोळा उडतो. मुलांना तो चेंडू वाटतो. भंगाराला भाव येतो म्हणून मोठी माणसेही हात घालतात. युद्ध संपल्यानंतर अशा स्फोटांत मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची संख्या २० हजारांवर आहे.

आता काढण्याविषयी. आधी गावकऱ्यांना विचारून कुठे काय सापडले त्याची नोंद करतात. मग जमिनीचे ५० मीटर बाय ५० मीटरचे चौकोन पाडून डिटेक्टरने तपासतात आणि बॉम्बी सापडलेला चौकोन नकाशावर लाल होतो. असे चौकोन जोडून धोक्याचे क्षेत्र ठरते, आणि खरी सफाई त्यानंतर. दोऱ्या लावून अरुंद पट्टे आखायचे, डिटेक्टर फिरवायचा, आवाज आला की हाताने माती उकरायची. शेतजमिनीसाठी साधारण २५ सेंटीमीटर खोलीपर्यंत तपासतात. वेळ खातात ते छर्रे आणि बॉम्बचे तुकडे, कारण डिटेक्टर त्यांनाही वाजतो आणि प्रत्येक आवाज खराच समजून उकरावा लागतो. सापडलेला गोळा सहसा हलवत नाहीत. लोकांना लांब नेऊन, वाळूच्या पोत्यांचा आडोसा करून तिथेच उडवतात. या कामाला यंत्राने घाई करता येत नाही, माणसे आणि वर्षे लागतात. दोन्हींसाठी पैसा लागतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये ओबामा व्हिएन्टिनला गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपानवर मिळून टाकले त्याहून जास्त बॉम्ब आम्ही इथे टाकले, असे ते म्हणाले. तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले, माफी मागितली नाही. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा २००८ चा करार अमेरिकेने आजवर मान्य केलेला नाही, भारतानेही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेने याच जातीचे तोफगोळे युक्रेनला दिले.

जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने परदेशी मदत गोठवली आणि तिच्यावर चालणारी लाओसमधली सफाईची पथके थांबली. तिथे पाऊस मे ते ऑक्टोबर असतो, त्या काळात खाचरे पाण्याखाली जातात. भात कापून झाल्यावर, जमीन कोरडी असतानाच पट्टे आखता येतात, आणि जानेवारी हा त्या हंगामाचा ऐन मध्य.