बीएसएफची नोकरी लपवू नका. त्या नोकरीत आपण काय केलेत ते सांगा

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. १९८४ साली बीएसएफमध्ये सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झालो आणि २०१९ मध्ये डेप्युटी कमांडंट या हुद्द्यावरून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षे टेकनपूरच्या अकादमीत शिकवत होतो. १९९३ ते १९९६ काश्मीर खोऱ्यात होतो. पहिले दीड वर्ष प्लाटून माझ्याकडे होती, पुढे बटालियन मुख्यालयात क्वार्टर मास्टरच्या, म्हणजे रसद-साहित्याच्या शाखेत. मुलगा कॅनडाचा नागरिक आहे. आम्हा नवरा-बायकोने सुपर व्हिसासाठी, म्हणजे आई-वडिलांना मुलांकडे दीर्घकाळ राहू देणाऱ्या व्हिसासाठी, अर्ज केला होता. आता तिथल्या इमिग्रेशन खात्याचे पत्र आले आहे की त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३५(१)(ए) खाली, म्हणजे मानवी हक्कांच्या उल्लंघनामुळे, मी अपात्र ठरू शकतो. ३० दिवसांत म्हणणे मांडा. एजंट म्हणतो, अर्ज मागे घ्या, पुढच्या अर्जात ‘निवृत्त केंद्र सरकारी कर्मचारी’ एवढेच लिहू. मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आहे आणि तीही आमच्या ग्रीन कार्डचा विचार करते आहे. माझ्यावर आयुष्यात एकही गुन्हा दाखल नाही. काय करावे?

उत्तर : साहेब, एजंटचा सल्ला अजिबात मानू नका. आज आपल्यावर फक्त शंका आहे, आणि शंकेला उत्तर देता येते. त्याने सांगितले तसे केलेत तर शंकेच्या जागी सिद्ध झालेले खोटे येईल. कॅनडाच्या त्याच कायद्याचे कलम ४० महत्त्वाची माहिती दडवणाऱ्याला ५ वर्षे अपात्र ठरवते, आणि फॉर्म एजंटने भरला होता ही सबब तिथे चालत नाही. अर्ज मागे घेतला तरी आपली नोकरी, बोटांचे ठसे आणि हे पत्र त्यांच्या संगणकात राहणारच. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश ठशांवरून एकमेकांकडे विचारणा करतात, म्हणजे मुलीकडचा रस्ताही त्याच खोट्याने बंद होईल. शिवाय फी घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि तिथल्या परवानाधारक सल्लागारांनाच आहे. आपला एजंट त्यात बसतो का, हे त्याचा परवाना क्रमांक मागून आधी तपासा.

आलेल्या पत्राला ‘प्रोसिजरल फेअरनेस लेटर’ म्हणतात. तो निकाल नव्हे. निकाल देण्याआधी समोरच्याला ऐकून घेतले पाहिजे, म्हणून ते पाठवावे लागते. बीएसएफमधून निवृत्त झालेल्यांना हा अनुभव नवा नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या कॅनडा उच्चायुक्तालयाने एका निवृत्त कॉन्स्टेबलला व्हिसा नाकारताना अख्ख्या दलाला कुप्रसिद्ध आणि हिंसक म्हटले होते. भारताने निषेध केला आणि त्याच मे महिन्यात तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री जेसन केनी यांनी त्या भाषेबद्दल खेद व्यक्त केला. २०१७ मध्ये सीआरपीएफच्या एका निवृत्त आयजींना व्हिसा हातात असूनही व्हँकुव्हर विमानतळावर अडवले गेले. नंतर त्याबद्दलही खेद व्यक्त झाला. पण खेद शब्दांबद्दल होता. कलम ३५(१)(ए) जसेच्या तसे आहे, म्हणून ‘आमच्या दलाचा अपमान झाला’ या सुरात उत्तर लिहून काही साधणार नाही.

आता आपल्या शेवटच्या वाक्याबद्दल. गुन्हा दाखल नाही हे चांगलेच, पण या कलमाला शिक्षा किंवा खटला लागतच नाही. कलम ३३ प्रमाणे ‘मानण्यास वाजवी आधार’ एवढे पुरते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या मुगेसेरा निकालात त्याचे माप सांगितले आहे : निव्वळ संशयापेक्षा जास्त, दिवाणी दाव्यातल्या पुराव्यापेक्षा कमी, पण आधार वस्तुनिष्ठ आणि विश्वासार्ह माहितीचा हवा. लेऑन मुगेसेरा हे रवांडातले राजकारणी. १९९२ च्या एका चिथावणीखोर भाषणावरून ते अपात्र ठरले आणि २०१२ मध्ये त्यांना परत पाठवण्यात आले. आपल्याकडे सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्यात केंद्राच्या मंजुरीशिवाय खटला चालत नाही. ते संरक्षण भारतीय कोर्टापुरते आहे. उत्तरात त्याचा आधार घेऊ नका. वाचणाऱ्याला उलट वाटेल की चौकशी कधी झालीच नाही.

आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे २०१३ चा एझोकोला निकाल. तो निर्वासितांच्या कायद्यातला असला तरी कलम ३५ च्या प्रकरणांत तीच कसोटी लावली जाते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले की केवळ संघटनेत होता म्हणून कोणी दोषी होत नाही. त्या माणसाने स्वेच्छेने, जाणूनबुजून आणि लक्षणीय असा हातभार गुन्ह्याला किंवा गुन्हेगारी उद्देशाला लावला होता का, हे पाहायचे. ते पाहताना संघटना किती मोठी आणि कशा स्वरूपाची, माणूस तिच्या कोणत्या भागात होता, त्याचे काम काय, हुद्दा काय, तिथे किती काळ होता, विशेषतः गैरप्रकार कळल्यानंतर किती काळ राहिला, भरती कशी झाली आणि सोडण्याची संधी होती का, हे सारे विचारात घ्यायचे. उत्तर याच मुद्द्यांभोवती रचा. बीएसएफ १९६५ पासूनचे, संसदेच्या कायद्याखाली चालणारे दल आहे. सीमेवरची राखण हे त्याचे मूळ काम आणि लाखो माणसे त्यात नोकरी करून गेली. पहिल्या मुद्द्यासाठी एवढे दोन ओळींत पुरे.

खरा प्रश्न त्या दीड वर्षाचा आहे. क्वार्टर मास्टरच्या शाखेतला काळ, टेकनपूर, सीमेवरच्या बाकीच्या पोस्टिंगा हे कागदांनी सहज सिद्ध होईल. पण १९९३–९४ मध्ये खोऱ्यात प्लाटून हाताखाली असणे हेच व्हिसाचा अधिकारी वाचणार. तिथल्या कोठडीतल्या मारहाणीचे आणि मृत्यूंचे आरोप मानवी हक्क संघटनांच्या त्या काळच्या अहवालांत आहेत आणि ते अहवाल त्याच्या टेबलावर असतील. ‘तिथे असे काही झालेच नाही’ असे लिहिलेत तर पुढचे एकही वाक्य तो खरे मानणार नाही. आपल्या प्लाटूनने काय केले तेवढेच लिहा : घेराबंदी आणि झडतीत आपली जागा कुठे असे, कोणाला ताब्यात घेतले तर पुढे कोणाच्या हवाली करत असा आणि किती वेळात, नोंद कशात होई, चौकशी आपल्या माणसांनी कधी केली का. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दलच्या कॅनडाच्या २००० च्या कायद्यात वरिष्ठाची जबाबदारी स्वतंत्रपणे धरलेली आहे. हाताखालच्यांनी केलेले कळत असून, किंवा हलगर्जीपणामुळे न कळता, अधिकाऱ्याने ते थांबवण्यासाठी वा चौकशीकडे सोपवण्यासाठी काही केले नाही, तर तोही अडकतो. म्हणून एखादी तक्रार कानावर आली असेल तर आपण त्यावर काय केलेत, वर कोणाला कळवलेत, हे तारखेसह हवे.

इथे एक गोष्ट स्पष्ट विचारतो, कारण वकिलाने ती विचारायलाच हवी. आपल्या देखत किंवा आपल्या माणसांच्या ताब्यात कोणाचा छळ झाला, कोणी दगावले, असे काही असेल तर उत्तराची एक ओळही लिहिण्याआधी कॅनडाच्या वकिलाशी बोला, मुलाला बाजूला ठेवून, एकट्याने. हा कायदा ज्यांच्यासाठी झाला ते लोक आपल्या जिवंत किंवा मेलेल्या माणसांसाठी न्याय मागत असतात. त्यांच्याशी खेळ होईल असा खुलासा कोणताही प्रामाणिक वकील लिहून देणार नाही. तसे काही नसेल तर शांतपणे पुढे वाचा.

पहिले काम आजच करा. पत्रातल्या पोर्टलवरून किंवा ई-मेलवरून मुदतवाढ मागा आणि कारण लिहा की सेवेची कागदपत्रे दलाकडून मागवावी लागत आहेत. मुदत संपल्यावर मागितलेली वाढ मिळेल या भरवशावर राहू नका. त्याच दिवशी मुलाने तिथून माहिती अधिकाराखाली आपल्या फाइलच्या अंतर्गत नोंदींची प्रत मागावी. फी ५ डॉलर, आपल्या सहीचे संमतीपत्र लागते. कायद्याने ३० दिवसांत मिळायला हवी, पण पुष्कळदा उशीर होतो. अधिकाऱ्याने कोणत्या अहवालावर बोट ठेवले आहे ते त्यात दिसते. पत्रात आधाराचे कागद सांगितलेले नसतील तर तेही लेखी मागा, कारण ज्या अहवालाचे नाव माहीत नाही त्याला उत्तर देता येत नाही.

दलाकडून सर्व्हिस बुकचा उतारा, पोस्टिंगच्या आदेशांच्या प्रती आणि सेवेचा दाखला मागा. पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) आणि निवृत्तीचा आदेश घरी असेलच. भारतातल्या माहिती अधिकारावर इथे फार विसंबू नका. त्या कायद्याच्या कलम २४ आणि दुसऱ्या परिशिष्टामुळे बीएसएफ त्यातून वगळलेले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांची माहिती तेवढी अपवाद आहे. हक्कभंगाची माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीने ४५ दिवसांत देता येते. ‘अमुक ते अमुक काळात माझ्याविरुद्ध हक्कभंगाची तक्रार किंवा चौकशी होती काय’ असा नेमका अर्ज जरूर करा. उत्तर मुदतीत आले नाही तरी अर्जाची पोच जोडा.

यातून भरती ते निवृत्ती असा तक्ता करा : महिना-वर्ष, बटालियन, ठिकाण, हुद्दा, काम, लगतचा वरिष्ठ. एकाही महिन्याची फट नको. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पहिल्या फॉर्ममध्ये ‘बीएसएफ, १९८४ ते २०१९’ अशी एक ओळ असते, आता तपशील येतो, आणि दोन्हींत तारखा जुळत नाहीत. जुळत नसतील तर आपणच दाखवून द्या की आधीची तारीख आठवणीने लिहिली होती, ही कागदावरची आहे. तक्त्यावर इंग्रजीत शपथपत्र करा. हिंदी कागदांचे भाषांतर भाषांतरकाराच्या शपथपत्रासह हवे. साधी सही चालत नाही. त्या काळच्या वरिष्ठांचे पत्र मिळाले तर उत्तम, पण त्यात स्तुती नको. अमुक महिन्यांत हे माझ्या हाताखाली होते आणि काम हे होते, एवढे त्यांनी लिहावे. पोर्टलवर प्रत्येक फाइल ४ एमबीच्या आत ठेवा, नाहीतर ऐन शेवटच्या रात्री अपलोड अडते.

लिहिताना काय गाळायचे तेही ठरवा. मोहिमांची नावे, खबऱ्यांची माहिती, तैनातीचे नकाशे यांची त्या अधिकाऱ्याला गरज नाही आणि आपल्यावर शासकीय गुपित कायदा, १९२३ अजून लागू आहे. २०२१ पासून अशा दलांतल्या निवृत्तांच्या प्रकाशित लिखाणावरही पेन्शनच्या नियमांचे बंधन आहे. व्हिसाला दिलेले उत्तर म्हणजे प्रकाशन नव्हे, तरी मसुदा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरवू नका.

नकार आलाच तर कॅनडाच्या फेडरल कोर्टात दाद मागण्याची परवानगी ६० दिवसांत मागता येते. कोर्ट व्हिसा देत नाही. निर्णय चुकीचा किंवा अन्यायाचा वाटला तर दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फेरविचाराला पाठवते. तिथे साधारणपणे आधीच्या फाइलवर होते तेवढेच बघतात, म्हणून सगळे कागद आत्ताच लावायचे. मानवतेच्या कारणास्तव मिळणारी सूट कलम ३५ ला नाही, आणि मंत्र्यांकडून मिळणारी सवलतही ३५(१)(ए) ला लागू नाही. तात्पुरता परवाना मागता येतो, पण तो सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीचा.

अमेरिकेचा अर्ज हे उत्तर जाईपर्यंत थांबवा. तिथे डिसेंबर २००४ पासून छळ आणि न्यायबाह्य हत्या करणाऱ्याला, करवणाऱ्याला किंवा त्यात मदत करणाऱ्याला प्रवेश बंद आहे, कृत्य कितीही जुने असले तरी. कायम वास्तव्याच्या व्हिसाला त्यातून सूट नाही. आत पोचलेल्यालाही बाहेर काढतात : एल साल्वाडोरचे माजी संरक्षणमंत्री व्हिदेस कासानोव्हा अनेक वर्षे फ्लोरिडात राहिले आणि हाताखालच्यांचे छळ थांबवले नाहीत म्हणून २०१५ मध्ये हद्दपार झाले. फॉर्ममध्ये सैनिकी सेवा स्वतंत्रपणे विचारतात, निमलष्करी पथकही विचारतात. दोन्हीकडे बीएसएफ लिहा. तिथे खोट्याचा ठपका कायमचा आहे. माफी मागायची तर अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती, पत्नी, आई वा वडील यांच्यावर कोसळणारी अतोनात अडचण दाखवावी लागते. मुलगी त्यात मोजत नाहीत.

वहिनींचा अर्ज वेगळा असला तरी सुटा नाही. कॅनडाच्या कलम ४२ खाली जोडीदाराच्या अपात्रतेचा फटका तात्पुरत्या व्हिसालाही बसू शकतो. त्यांच्या नावाने निराळे पत्र आले आहे का ते त्यांच्या ऑनलाइन खात्यात आजच बघा. आले असेल तर त्याची मुदतवाढही वेगळी मागावी लागेल.